बाटली कोणी भरायची होती

शॉनाच्या धाकट्या पोराने स्टुलावर चढून नळ सोडला, खाली ग्लास धरला आणि ऑर्फा साइझमोर जवळजवळ किंचाळलीच.

"ए! ते नको! ते ओत आधी!"

पोरगं दचकलं. ग्लास सिंकमध्ये पडला. ऑर्फाचं घर विकत घ्यायचं ठरल्याने पडद्यांसाठी खिडक्यांची मापं घेणारी शॉना हातातली टेप तशीच धरून वळली.

"काय झालं, मिस ऑर्फा?"

"अगं, नळाचं पाणी पितात होय कुणी? तो बघ तिथे कॅन आहे, त्यातलं दे त्याला."

"पण नळाचं का नाही प्यायचं?"

अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या त्या खोऱ्यात नळाचं पाणी कुणाच्या तोंडात जाऊन एक पिढी उलटली होती. वरच्या डोंगरात खाणीचे सुरुंग उडायला लागले तेव्हा घराघरांतल्या विहिरींना गंजाचा रंग आणि सडक्या अंड्यांचा वास लागला, तो पुन्हा सुटला नाही. खाणवाले पैसे कमावून निघून गेले, पाणी तसंच राहिलं. त्या पाण्यात भांडी घासायची, अंघोळी उरकायच्या. प्यायला, कॉफीला आणि बीन्स शिजवायला चर्चच्या खालच्या झऱ्याचं पाणी. रविवारी प्रार्थना आटोपली की जो तो आपापल्या पिकअपमधून रिकामे कॅन काढून झऱ्याच्या नळीखाली लावायचा, आणि निम्म्या गावच्या सोयरिकी तिथेच जमायच्या. हे कुणी कुणाला शिकवत नसे. पण शॉना होती शेजारच्या जिल्ह्यातली, नगरपालिकेच्या पाण्यावर वाढलेली. तिला कोण सांगणार?

"पण बँकेकडे पाण्याचा रिपोर्ट आहे ना," शॉना म्हणाली. "एकदम स्वच्छ. तिथल्या ब्रेंटने मला फोनवर वाचून दाखवला. तुमच्याच घरातलं पाणी."

ऑर्फा खुर्चीत बसली.

"पोरी," ती म्हणाली, "ती बाटली मी या कॅनमधून भरली होती."

झालं होतं ते असं. शॉना शाळेची बस चालवायची, तिचा नवरा डस्टिन टायरच्या गॅरेजात होता. दोघांचा पगार नियमित, पण शिल्लक म्हणाल तर शून्य. अशांना खेड्यात घर घेता यावं म्हणून सरकारची कर्जयोजना आहे. पैसे बँक देते, हमी सरकार देतं. त्या हमीच्या बदल्यात बँकेने एवढंच करायचं असतं की घर नीट तपासायचं. छप्पर, विहीर, पाणी, सगळं. आणि पाण्याचा नमुना विकणाऱ्याने नाही, घेणाऱ्यानेही नाही, तिऱ्हाईत माणसाने घ्यायचा. यात अवघड काय आहे? एका माणसाने गाडीत बसायचं, खोऱ्यात यायचं, नळ सोडायचा आणि बाटली भरायची.

पण बँकेचा ब्रेंट हॉलिंग्सवर्थ शहरात बसायचा. एवढ्या वळणांचा रस्ता, शिवाय खोऱ्यात मोबाइल लागत नाही. त्याने पोस्टाने बाटली धाडली आणि ऑर्फाला फोन केला, "मॅडम, जरा पाणी भरून ठेवता का? माझा एक हेलपाटा वाचेल." ऑर्फा म्हणाली, त्यात काय एवढं. बाटली शहरात आणून द्यायला सांगितलं असतं तरी ती म्हणाली असती, त्यात काय एवढं. तिने बाटली विसळली, कॅन तिरका केला, पाणी भरलं आणि पोस्टमनने न्यावी म्हणून बाटली दारातल्या टपालपेटीत ठेवून दिली. आपण कुणाला फसवतोय हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. बँकेला पाणी हवंय म्हणजे घरात पितात तेच ना? गटाराचं कशाला मागतील?

आणि सिंक? तो तर ती पाहुणे यायच्या आधी गंज घालवायची पावडर लावून इतका घासायची की शॉनाला दोन फेऱ्यांत काही दिसलंच नाही.

शॉनासमोरच तिने घरच्या फोनवरून ब्रेंटला फोन लावला, तिलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला आणि जसं घडलं तसं सगळं सांगितलं. आता हा माणूस हादरेल, धावत येईल, अशी तिची समजूत होती.

"बरं," ब्रेंट म्हणाला. "हे आणखी कुणाला सांगितलंत?"

"कुणाला म्हणजे? शॉना इथेच उभी आहे."

"हे बघा मॅडम, फाईल पुढे गेली आहे. सरकारची मंजुरीही आली. आता कशाला उकरून काढता? तुम्हाला घर विकायचंय, तिला घ्यायचंय. राहू द्या ना."

"आणि पाणी?"

"खोऱ्यात सगळे झऱ्याचं पितातच म्हणता ना? तीही पिईल. आणि समजा उद्या काही झालं, तिला हप्ते जमले नाहीत, तरी बँकेचं बहुतेक सगळं सरकार भरून देतं. काळजीचं कारण नाही."

ऑर्फाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काळजीचं कारण नाही! कुणाला नाही? या पोराला नाही, की पोराच्या आईला नाही?

"साहेब," ती म्हणाली, "तुमचं नुकसान सरकार भरून देईल. हिची पोरं आजारी पडली तर ती कोण भरून देणार? पाणी पुन्हा तपासा. या वेळी स्वतः या."

पलीकडचा आवाज बदलला. "एक लक्षात ठेवा, मिसेस साइझमोर. नमुन्यात फेरफार तुम्ही केलाय. सरकारी कामात हा गुन्हा असतो. मी तुमच्या जागी असतो तर गप्प बसलो असतो."

फोन ठेवल्यावर शॉना खालच्या आवाजात म्हणाली, "मिस ऑर्फा, आमच्या घरमालकाने घर विकलंय. महिनाअखेर आम्हाला खोल्या सोडायच्यात. आम्ही आणू की झऱ्यावरून पाणी. तुम्ही आणताच ना?"

"मी आणते, कारण खाणवाल्यांनी माझी विहीर नासवली तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. तुला निदान सांगायला तरी कुणीतरी हवं ना गं? चांगलं पाणी म्हणून तू तीस वर्षं हप्ते भरणार, आणि तो कागद माझ्या हातच्या पाण्यावर उभा. मला झोप लागेल का?"

पोराचा हात धरून शॉना निघाली आणि पडद्यांची मापं टेबलावरच विसरली.

ब्रेंट मात्र गप्प बसला नाही. त्याने आधी डस्टिनला गाठलं. म्हातारीने पाण्यात लबाडी केली, आता तुमचं घर लांबलं तर दोष तिला द्या, असं सांगितलं. डस्टिनने ते गॅरेजात सांगितलं, आणि गॅरेजातली गोष्ट खोऱ्यात पोचायला कितीसा वेळ लागतो? रविवारी झऱ्यावर ऑर्फा आपला कॅन लावायला गेली तर बोलणी थांबली. तिच्या नवऱ्याची शवपेटी ज्यांनी खांद्यावरून नेली होती, ते तिच्याकडे न बघता झाकणं लावत होते. एक जण तर हसत म्हणाला, "ऑर्फा, हे पाणी बँकेला विकायचंय का गं?"

आयुष्यभर तिने उसनं आणलेलं साखरेचं भांडं शिगोशीग भरून परत केलं होतं. त्या बाईला या वयात लबाड ठरवलं, ते कुणी? तर ज्याला गाडी काढायचा कंटाळा आला त्याने. घरी येऊन ती रडली नाही. तिने स्वयंपाकघराची फरशी इतकी घासली की ब्रशचे केस झडले.

मग बँकेचा निरोप आला. साहेबांनी तोडगा काढलाय म्हणे. पाणी पुन्हा तपासू, शुद्धीकरणाचं यंत्र नंतर बसवू, व्यवहार महिनाअखेरच करू. ऑर्फाने फक्त एका कागदावर सही करायची.

सह्यांच्या दिवशी शहरातल्या बँकेत लांबलचक टेबलाभोवती सगळे बसले. एका बाजूला ब्रेंट, इस्त्रीच्या शर्टात. समोर शॉना आणि डस्टिन, चर्चच्या कपड्यांत. डस्टिन ऑर्फाकडे बघत नव्हता. ब्रेंटने कागद तिच्यासमोर सरकवला. तिने चष्मा लावला आणि सावकाश वाचला. त्यात लिहिलं होतं की विकणाऱ्या बाईने चुकीचा नमुना दिला, आणि बँकेला याची काहीही कल्पना नव्हती.

"हे खरं नाही," ऑर्फा म्हणाली.

"नमुना तुम्हीच भरलात ना?"

"भरला."

"चुकीचा होता ना?"

"होता."

"मग? नुसती औपचारिकता आहे, मॅडम. तुम्हाला कुणी तुरुंगात टाकत नाही. तुमची सही झाली की यांना आज चाव्या मिळतात. नाही झाली, तर मला फाईल थांबवावी लागेल, आणि यांची पोरं परवा रस्त्यावर."

एवढं बोलून तो शॉनाकडे बघून सहानुभूतीने मान हलवतो! शॉना काही मागत नव्हती, पण तिचे डोळे सगळं मागत होते. ऑर्फाला वाटलं, द्यावी करून. नावाचं काय, आपल्याला अजून किती वर्षं वापरायचंय? पेन तिच्या हातात होतं.

तिने सही केली नाही. कागदाच्या खालच्या मोकळ्या जागेत ती लिहू लागली, मोठ्या, वाकड्या अक्षरांत.

"अहो, हे काय करताय? त्यावर काही लिहायचं नसतं!"

"बाटली बँकेने मला पोस्टाने पाठवली," ऑर्फा लिहिता लिहिता वाचत होती. "पाणी न्यायला बँकेचं कुणीही माझ्या घरी आलं नाही. आम्ही पितो ते पाणी मी भरलं. चूक कळली त्याच दिवशी मी श्री. हॉलिंग्सवर्थ यांना फोन केला. ते म्हणाले, राहू द्या."

"मिसेस साइझमोर! हे तुमचं काम नाही!"

"तेच तर म्हणतेय मी." ती मान वर न करता म्हणाली. "बाटली भरायचं कामही माझं नव्हतं, तुझं होतं. ते मी केलं आणि चुकलं. आता परत तुझंच काम करतेय. या खेपेला बरोबर करते."

तिने सही ठोकली. ब्रेंटने कागद ओढायला हात पुढे केला, पण त्याच्या आधी शॉनाने उचलला. तिने तो वाचला. मग नवऱ्याकडे वळली.

"फोन केला तेव्हा मी तिथेच होते, डस्टिन. सगळं माझ्या कानांनी ऐकलंय. आणि गॅरेजात तू काय बडबडलास ते मला माहीत असून मी मूग गिळून बसले, घर जाईल म्हणून."

तिने ऑर्फाच्या सहीखाली साक्षीदार म्हणून स्वतःचं नाव घातलं.

"हा सरकारी ऑफिसला पाठवा," ती ब्रेंटला म्हणाली. "तुम्ही नाही पाठवलात तर जाताना मीच देऊन जाते. दोन गल्ल्या सोडून तर आहे."

त्या दिवशी चाव्या मिळाल्या नाहीत. फाईल सरकारी ऑफिसातून उलट्या पावली परत आली, बँकेच्या माणसाने नमुना का घेतला नाही या एका प्रश्नासकट. शुद्धीकरणाच्या यंत्राचा खर्च कुणी करायचा यावर बँक आजही काखा वर करते आणि ऑर्फा आजही भांडते. ते भांडण मिटलेलं नाही.

महिनाअखेर मात्र डस्टिनची पिकअप गाद्या आणि खोकी लादून ऑर्फाच्या दारात उभी राहिली. व्यवहार होईपर्यंत घेणाऱ्याला घरात राहता येत नाही, असं ब्रेंटने फोनवर बजावलं. "माझ्याकडे पाहुणे आलेत," ऑर्फा म्हणाली. "माझ्या घरात कोण झोपतं ते तुला विचारू होय रे?" रविवारी झऱ्यावर तिचे कॅन डस्टिनने भरले, आणि आपण गॅरेजात जे बोललो ते खोटं होतं हे सगळ्यांदेखत, कान लाल होईस्तोवर सांगितलं. त्याने तिचं दुखणं पुरतं गेलं असं नाही. ज्यांनी माना फिरवल्या होत्या त्यांच्या माना तिला आठवत राहिल्या.

आणि मग एकदाचा ब्रेंट आला. वरिष्ठांनी पिटाळला म्हणून आला. बरोबर आरोग्य खात्याचा माणूस होता. त्या माणसाने जंतू मरावेत म्हणून नळाचं तोंड ज्योतीने तापवलं, पाणी बराच वेळ वाहू दिलं, आणि सिंकमध्ये गंजाची तांबडी धार बघत बाटली भरली. अख्ख्या कामाला कॉफी उकळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. एवढ्यासाठी एका बाईला खोऱ्यात तोंड दाखवायची चोरी झाली होती!

दुपार तापली होती. ब्रेंटने रुमालाने मान पुसली. शॉनाची पोरं टेबलाशी बसून त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"मिसेस साइझमोर, प्यायला थोडं पाणी मिळेल?"

ऑर्फाने फळीवरून ग्लास काढला, त्याच्याकडे पाठ करून भरला आणि समोर ठेवला. त्याने तो उचलला, ओठांपर्यंत नेला आणि तिथेच थांबला. त्याने सिंककडे पाहिलं, मग कॅनकडे.

"हे... हे कुठलं पाणी आहे?"

"बघ," ऑर्फा म्हणाली. "स्वतः प्यायची वेळ आली तेव्हा कसं बरोबर विचारता आलं."