सर ज्या खुर्चीत बसत नसत

मित्रांनो, मी पलूसच्या एका महाविद्यालयातली जुनी सागवानी खुर्ची आहे. माझा एक पाय तारेने आवळलेला आहे, पण म्हणून मला कमी समजू नका. मी सिनेमात काम केलं आहे. सिनेमा साफ पडला, तो भाग वेगळा.

फलटणच्या नाथाजी सुतारांनी मला घडवलं. "बसणारा दमंल, पर ही दमायची न्हाई," असं ते मला न्यायला आलेल्या शिपायाला म्हणाले होते. मला वाटलं, आता आपल्यावर कोणी मोठा प्राध्यापक बसणार. झालं भलतंच. भूगोलाचे धम्मपाल सर माझ्यावर कधी बसलेच नाहीत.

त्यांची पद्धतच न्यारी होती. ज्याला प्रश्न पडेल त्याने पुढे येऊन माझ्यावर बसायचं आणि सरांनी त्याच्या बाकावर. सर म्हणायचे, "विचारणारा आज मोठा, मी लहान." सुरुवातीला मला राग यायचा. उसाला पाणी पाजून चिखलाच्या पायांनी आलेली पोरं माझ्यावर बसायची, म्हणजे काय! पण बसताना थरथरणारी तीच पोरं उठताना मान ताठ करून जायची. हळूहळू माझा राग गेला आणि सरांचा अभिमान वाटू लागला. असा मास्तर मी दुसरा पाहिला नाही.

मग भूगोलाला मुलं येईनाशी झाली. सूरज नावाचा एक पोरगा होता, त्याच्या वर्षी वर्गात चौघंच उरली, आणि त्यातली तिघं भरतीसाठी मैदानावर पळत असायची. एके दिवशी कोणीच आलं नाही. सरांनी बराच वेळ वाट पाहिली आणि मग ते माझ्यावर बसले. पहिल्यांदाच. तोंड ओंजळीत धरून बसले. उशिरा आलेल्या सूरजने दारातून ते पाहिलं आणि पावलं न वाजवता तो परत गेला.

पुढे तो सिनेमावाला झाला. दहा वर्षांनी तो मला न्यायला आला. मनातून मोडलेल्या एका प्राध्यापकावर त्याचा सिनेमा होता आणि त्याला हीच खुर्ची हवी होती. साताऱ्यात बारा दिवस चित्रीकरण चाललं. मी हुरळून गेले होते. पण मोठं नाव असलेला तो नट बारा दिवस माझ्यावर बसून नुसते उसासे टाकत राहिला. एकदाही फळ्यापर्यंत गेला नाही.

पहिला खेळ आमच्याच सभागृहात दुपारी खिडक्यांना चादरी लावून झाला. सरांसाठी मला पहिल्या रांगेत ठेवलं होतं. सर नेहमीप्रमाणे माझ्यावर न बसता माझ्या मागच्याच बाकावर बसले. अर्ध्या तासात लोक खोकू लागले, मोबाइल उजळू लागले. शेवटी पडद्यावरचा प्राध्यापक खडू खिशात टाकून तसाच बसून राहिला आणि सिनेमा संपला.

"लय भारी," प्राचार्य उदयसिंह जांभई आवरत म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर मात्र टाळी न वाजवता पडद्याकडेच बघत राहिले. पुढच्याच आठवड्यात ते निवृत्त होणार होते. इतकी वर्षं शिकवलं आणि आपल्या पोराला आपण आठवलो ते असे, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला फार वाईट वाटलं.

सूरज जवळ आला. "सर, तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"तुला प्रश्न पडलाय नव्हं? मग बस खुर्चीत."

तो माझ्यावर बसला. "सिनेमा फसला, मला कळतंय. पण त्या दिवशी मी बघितलं ते खरं होतं ना, सर?"

"खरं होतं," सर म्हणाले. "उद्यापासून यायचं नाही, असंच ठरवलं होतं मी."

"मग उठलात कशानं?"

सरांनी दाराकडे पाहिलं. सफाई करणाऱ्या मुक्ताबाई झाडू घेऊन सभागृह रिकामं व्हायची वाट बघत उभ्या होत्या. "ते यांना विचार," सर म्हणाले.

सूरजने उठून त्यांना माझ्यावर बसवलं. त्या संकोचल्या.

"आवं, मी काय केलं न्हाई. व्हरांडा झाडताना सरांचं रोज ऐकायची. माझं म्हायेर नदीच्या वळणावर हाय. भावाची जमीन दरसाल खचती, पल्याडच्यांची वाढती. लोक म्हनायचे, शाप हाय. त्या दिशी सर एकटंच दिसलं, म्हनून इचारलं, आवं सर, नदी असं का करती? तर सर उठलं, मला हितंच बसवलं आन् फळ्यावर नदी काढली. वळणाला भाईरचं पानी जोरात पळतं, ते काठ कापतं. आतलं दमानं जातं, ते गाळ ठेवतं. शाप न्हाई, काय न्हाई. भावानं मग काठाला माती धरून ठेवणारी वाळुंजाची झाडं लावली. आता खचनं लय कमी झालंय."

घरी निघालेली माणसं दारापाशीच थांबून ऐकत होती. एकही मोबाइल उजळला नाही.

"दहा वर्षं झाली, एका शब्दालाही चुकल्या नाहीत," सर म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

सूरज खाली बसला होता. "त्या दिवशी मी फार लवकर निघून गेलो, सर."

मित्रांनो, माझी तार गंजली आहे, तीही कोणी बदलली तर बरं होईल. पण मागणं आहे ते वेगळंच. एखादा माणूस तोंड ओंजळीत धरून बसलेला दिसला, तर पावलं न वाजवता परत फिरू नका. आत जा आणि त्याला तुमच्या मनातला खराखुरा प्रश्न विचारा. तो उत्तर द्यायला उठला, की बिनधास्त त्याच्या खुर्चीत बसा.