दीपगृहाचा आवाज

आमच्या कारखान्यात सिगार हातांनी वळतात. हात गुंतलेले असतात, कान मोकळे. म्हणून समोर मंचावर बसून कुणीतरी वाचतं. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. कादंबरी आम्ही मतं देऊन निवडतो, आणि वाचणारं माणूसही. गेली कित्येक वर्षं ग्रिसेल्दा वाचते. अख्ख्या पिनार देल रिओ प्रांतात असा आवाज नाही, असं तिची सासूसुद्धा म्हणते, आणि ती बाई सहसा कुणाबद्दल बरं बोलत नाही.

एक दिवस व्यवस्थापनातला रेइनिएर एक पेटी घेऊन आला. पुस्तक समोर धरलं की ती आपली आपण वाचायची.

"प्रयोग आहे, कॉम्रेड्स," तो म्हणाला. "ठरवायचं तुम्हीच. पुढची कादंबरी संपली की मतं घेऊ."

रोज वीज जाते, तेव्हा पेटीचं काही खरं नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. पेटीत बॅटरी होती.

ग्रिसेल्दाने लगेच एक विज्ञानकादंबरी सुचवली, आणि ती निवडूनही आली. मी पहिल्या बाकावर बसते, त्यामुळे मला ती मनातलं सांगते. "यंत्र गाव गिळतं अशी गोष्ट आहे," ती म्हणाली. "चार लोक घाबरले तरी पुरे."

गोष्ट अशी. एका बंदरात दीपगृह सांभाळायला यंत्र आणतात. ते बोलतं, खलाशांची चौकशी करतं, थकत नाही. हळूहळू कोणतं जहाज आत घ्यायचं आणि कोणतं खडकावर जाऊ द्यायचं, हे तेच ठरवायला लागतं. शेवटी दीपगृहाचा जुना राखणदार कुऱ्हाड घेऊन जिना चढतो.

घोटाळा ग्रिसेल्दाच्या गळ्यात होता. राखणदाराला तिने खोकला दिला, कारण पुस्तकात त्याला खोकला होता. यंत्राला दिला एक खालचा, सावकाश आवाज. आजारी माणसाच्या उशाशी बसून बोलावं तसा. दुसऱ्याच आठवड्यात सगळी खोली त्या आवाजाच्या प्रेमात पडली.

पहिलं जहाज फुटलं त्या दुपारी मागच्या बाकावरची युस्लेइदी म्हणाली, "त्या जहाजावर होतं कोण? सगळे तपासनीसच ना? मग बुडू देत."

"त्या म्हाताऱ्याला आधी औषध द्या कुणीतरी," दुसरी म्हणाली. "खोकून खोकून जीव नको केलाय."

एवारिस्तोकाका आमच्यात सगळ्यात जुने. ते मान वर न करता म्हणाले, "यंत्र दुष्ट असतं ते पुस्तकात. खरं यंत्र नम्र असतं. ते माणसाला मारत नाही, घरी बसवतं."

रेइनिएर दारातच उभा होता.

घरी जाताना मी ग्रिसेल्दाला म्हटलं, "अगं, जरा कर्कश वाच की त्या यंत्राचं बोलणं. तुझ्याच पोटावर पाय येतोय."

"पुस्तकाच्या पानावर ते कर्कश नाहीये," ती म्हणाली.

"कोण बघायला जातंय पान?"

"मी रोज बघते ना."

शेवटचं प्रकरण तिने जीव ओतून वाचलं. कुऱ्हाड पडली, दिवा विझला. वाचन आवडलं की आम्ही तंबाखूचं पान कापायची सुरी टेबलावर ठोकतो. नाही आवडलं तर जमिनीवर टाकतो. त्या दिवशी यंत्र मेलं म्हणून सगळ्या सुऱ्या जमिनीवर पडल्या. ग्रिसेल्दाने पुस्तक मिटलं आणि ती पाणी प्यायली.

रेइनिएरला वाटलं, काम झालं. तेच प्रकरण त्याने पेटीला वाचायला लावलं. पेटीचा आवाज छान होता, खोटं कशाला बोलू. पण म्हातारा, लाटा, कुऱ्हाड, दीपगृह, सगळं एकाच सुरात निघालं.

"यात दीपगृह कोण आणि म्हातारा कोण?" एवारिस्तोकाकांनी विचारलं.

"दीपगृहाचं तरी नीट वाच म्हणावं," युस्लेइदी म्हणाली. "ते तर तुझ्याच जातीचं."

रेइनिएरही हसला. मग हात वर झाले. कादंबरी ग्रिसेल्दाकडे राहिली. वर्तमानपत्र पेटीला मिळालं. उसाचे आकडे कुणी का वाचेना, असं बहुतेकांचं म्हणणं पडलं. मी हात वर केला नाही, पण मोजताना त्याने काही फरक पडला नाही. वर्तमानपत्र संपल्यावर कुणाला मुलगी झाली, कुणाची शेळी हरवली हेही ग्रिसेल्दाच सांगायची. ते मत देताना कुणाला आठवलं नाही.

आता सकाळी ती माझ्या शेजारी बसून पानांच्या शिरा काढते. हात वाचणाऱ्या बाईचेच, निम्मी पानं फाटतात. समोर पेटी बोलत असते. ग्रिसेल्दाने बातमी घरीच वाचलेली असते, त्यामुळे पेटीबरोबर तिचे ओठ हलतात. जिथे जरा थांबायला हवं तिथे ती थांबते. पेटी थांबत नाही. मग ग्रिसेल्दाच्या ओठांना मागून धावत जाऊन तिला गाठावं लागतं.