रीळ येईपर्यंत

बोलपटांनी तोकुजीच्या पोटावर पाय दिला त्याला वीस वर्षं होऊन गेली, तरी म्हाताऱ्याचा राग काही निवला नव्हता. जपानी मूकपटांच्या जमान्यात तो बेन्शी होता. पडद्याशेजारी उभा राहून नायकापासून त्याच्या घोड्यापर्यंत सगळ्यांचं बोलणं एकटा बोलायचा. गाव त्याला मास्तर म्हणायचं. आता त्याच थेटराच्या दारात बसून तो लोकांच्या खडावा आणि चपला सांभाळायचा, पण आत पाऊल टाकायचा नाही. "वाचा फुटलेली चित्रं मला नाही बघायची," म्हणायचा.

कान मात्र मिटता येत नाहीत. नववर्षाचा सामुराईपट लागला आणि दाराच्या पडद्याआडून नायकाचा आवाज ऐकून म्हातारा विरघळला. काय आवाज होता तो! खर्जातला, सावकाश, दिखाऊपणाचा लवलेश नाही. शेवटी स्वतःच्या गुरूच्या मुलाशी लढायची पाळी आलेला तो बिनधन्याचा सामुराई तलवार उपसण्याआधी गप्प होई, तेव्हा तोकुजीसुद्धा हातातल्या खडावा तशाच धरून बसे.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला घोटाळा झाला. सिनेमाची प्रत एक आणि थेटरं दोन. खालच्या गावात रीळ संपलं की गोसाकु ते सायकलवरून वर आणायचा. त्या दिवशी घाटात बर्फ पडलं आणि ऐन द्वंद्वाच्या तोंडावर पडदा पांढराफटक पडला. लोक चवताळले.

"अहो, मारामारी कुठाय? ती काय घरी जाऊन करायची?"

थेटराची मालकीण हिसायो धावत दारात आली. "मास्तर, गोसाकु पोचेपर्यंत काहीतरी बोला. हे लोक उठून गेले तर पुन्हा इकडं फिरकायचे नाहीत."

"मी? तोंडात दात नाहीत माझ्या, मालकीणबाई."

"जीभ आहे ना? माझ्याशी भांडायला बरी चालते!"

तोकुजी आत गेला खरा, पण भीतभीतच. बोलपटांनी आपला गळा कापला, असं म्हणून आजवर मिरवता तरी येत होतं. आता गळाच गेलेला निघाला तर तेवढंही उरणार नव्हतं.

पहिलंच वाक्य चिरकलं. मागून कुणीतरी हसलं. "आजोबा, चहा घ्या आणि बसा!"

तोकुजीनं डोळे मिटले आणि तो सामुराई राहायचा तसा गप्प राहिला. खोकला थांबला, कुजबुज थांबली, तरी गप्प. मग खर्जात म्हणाला, "तुझ्या वडिलांनी मला तलवार उचलायला शिकवलं. खाली ठेवायला शिकवायचं तेवढं राहून गेलं."

"वा मास्तर! याचीच वाट बघत होतो!" पुढच्या रांगेतली म्हातारी ओरडली.

मग म्हाताऱ्यानं वारा आणला, माळावरचं गवत हलवलं, दोघांना समोरासमोर आणलं. लोक श्वास घ्यायचे विसरले. आता वार पडणार, तोच बर्फानं माखलेला गोसाकु रीळ घेऊन आत शिरला.

"लावू नको रे ते!"

"लाव, पण आवाज बंद! मास्तर बोलतील!"

बघता बघता सगळं थेटर तेच म्हणू लागलं. हिसायोनं तोकुजीची बाही धरली. "गाव मागतंय, मास्तर. हो म्हणा."

वीस वर्षं तो हेच स्वप्न बघत आला होता. त्याचे डोळे भरून आले.

"नको," तो म्हणाला. "पडद्यावरच्या त्या नटाचा आवाज बंद करू नका. एकाला बोलता यावं म्हणून दुसऱ्याचा गळा दाबायचा नसतो. ते कसं लागतं, मला ठाऊक आहे."

तोकुजी पुढच्या चटईपाशी गेला आणि म्हातारीला म्हणाला, "जरा सरका, वहिनी. तो दिसतो कसा ते तरी बघू द्या."