गॅरेजमधून ठेवलेला निरोप

आमच्या प्लेनोच्या घरात त्या शनिवारी माझ्याखेरीज सगळे मॅच बघत होते, आणि मॅच खेळत होता माझाच मुलगा. मी गॅरेजमध्ये उभा होतो. मला तिथे धाडलं होतं हेमचंद्र काकांनी. लहानथोर सगळ्यांचेच ते काका, मूळचे नागपूरचे, डॅलसमध्ये चाळीस वर्षं लोकांची हृदयं दुरुस्त करून निवृत्त झालेले. पण खेळ सुरू झाला की त्यांच्यातला डॉक्टर उठून जातो. क्रिकेट बघताना आपल्याकडे नियमच असतो ना, चांगलं घडलं तेव्हा जो जिथे होता त्याने तिथून हलायचं नाही, तो त्यांनी अमेरिकन फुटबॉललाही लावला होता.

माझ्या मुलाच्या टीमने चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन पहिला टचडाऊन केला तेव्हा मी गॅरेजमधल्या फ्रिजमधून बर्फ काढत होतो. दुसऱ्याच्या वेळी सोड्याचे कॅन आणायला गेलो होतो. मधल्या वेळात सोफ्यावर येऊन टेकतो न टेकतो तोच आमच्या पोरांच्या हातून चेंडू निसटला.

"उल्हास, यू आर द प्रॉब्लेम," काका म्हणाले. "तू बाहेरच थांब."

"काका, कावळा बसायला आणि फांदी मोडायला."

"मग जाऊन बस त्या फांदीवर."

मी बायकोकडे बघितलं. रत्ना माझी बाजू घेईल असं वाटलं होतं, तर तिने घडीची खुर्ची काढून माझ्या हातात दिली. "जा ना, एवढं काय मोठं मागताहेत ते?" तिसरा टचडाऊनही मी बाहेर असतानाच झाला. मग तर विषयच संपला.

नील आमचा थोरला. एका लहानशा युनिव्हर्सिटीच्या टीमचा किकर. चेंडू दोन उंच खांबांच्या मधून मारायचा, एवढंच किकरचं काम. बाकी वेळ कडेला उभं राहायचं. दर नोव्हेंबरच्या शेवटी त्यांची मॅच जवळच्याच एका बलाढ्य युनिव्हर्सिटीशी होते, आणि अकरा वर्षं ओळीने आमच्या पोरांनी मार खाल्ला होता. गेल्या वर्षी मात्र अगदी शेवटी नीलला एकतीस यार्डांवरून किक मिळाली. आत गेली असती तर मॅच खिशात होती. ती बाहेर गेली. आम्ही तेव्हा स्टेडियममध्येच होतो. नंतर पार्किंग लॉटमध्ये तो आम्हाला भेटायला आला, डोळे लाल झालेले, आणि मी म्हणालो, "एकच तर काम होतं तुला."

मी तापट आहे, जिभेला हाड नाही, सगळं कबूल. पण ते मी रागाने बोललो नव्हतो. मला वाईट वाटलं होतं, आणि मला वाईट वाटलं की माझ्या तोंडून वाईटच निघतं. नीलने तेव्हा काहीच उत्तर दिलं नाही. पुढे वर्षभर दिलं नाही. फोन मी उचलला तर तिकडून दोनच शब्द, "आईला दे". आता डिसेंबरात त्याची डिग्री पुरी होणार होती, आणि घरी न येता तो परस्पर सिएटलला नोकरीवर जाणार होता. मॅचला येऊ नका, असं त्याने रत्नाला बजावलं होतं. बाबाला तर आणूच नको. माफी मागायला मी शंभरदा फोन हातात घेतला असेल. दर वेळी वाटायचं, जरा चांगली वेळ बघून बोलू. माणसाला चांगली वेळ कधी सापडत नाही. आणि आज जर पुन्हा किक चुकली, तर हा पोरगा आमच्या घराचा उंबरठा पुन्हा चढत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

गॅरेजचं मोठं दार मी अर्धं वर केलं होतं. कुंपणापलीकडे देवांगचं घर. देवांग त्या बलाढ्य युनिव्हर्सिटीत शिकलेला, त्यामुळे पाच-सहा मित्र जमवून अंगणात टीव्ही लावून बसला होता. पहिल्या हाफमध्येच माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. देवांगच्या छपरावर अँटेना आहे, त्याला चित्र ताबडतोब दिसतं. आमच्याकडे मॅच इंटरनेटवरून येते, रेंगाळत. त्याच्या अंगणात "ओह नो" झालं की मी मनात आकडे मोजायला लागायचो, आणि चाळिसाच्या आसपास आमच्या हॉलमध्ये आरडाओरडा. देवांग कण्हला की आपलं भलं, देवांग ओरडला की आपलं वाटोळं. तीनदा ताडून पाहिलं, तिन्ही वेळा बरोबर आलं. टेलिकॉममध्ये पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला याचा आनंद होणारच. टीव्हीशिवाय मी सगळ्यांच्या आधी मॅच बघत होतो.

सव्वादोन वाजता आतलं दार उघडून माझी मुलगी उर्वी डोकावली. अकरावीतली पोर, पण चेहरा पार उतरलेला.

"बाबा, ट्वेंटी-थ्री, ट्वेंटी-वन. दोन पॉइंट्सनी मागे आहोत. चार सेकंद राहिलेत. नीलदादा इज किकिंग."

"किती लांबून?"

"फॉर्टी-फोर यार्ड्स. तू हलू नकोस हं. प्लीज." तिने दार लावून घेतलं.

किकचे तीन गुण. गेली तर जिंकलो. मी खुर्चीवरून उठलो. आणि मग एकदम जाणवलं, की आतल्यांना जे अजून दिसायचंय ते तिकडे आत्ताच होतंय. तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला. सहा माणसं एकदम ओरडली होती. आनंदाने.

मी जागच्या जागी थिजलो. चुकली. पुन्हा चुकली.

आत रत्ना आशेने टीव्हीकडे बघत बसली असेल आणि तिला अजून चाळीस सेकंद काही कळायचं नाही, हा विचार मला सहन होईना. पण त्याहून वाईट विचार त्या मैदानावरच्या पोराचा होता. ऐंशी हजार लोकांत तो पुन्हा एकटा उभा असेल, आणि त्याला आठवत असेल माझंच वाक्य. मी गाडीत शिरलो, दार ओढून घेतलं आणि त्याचा नंबर लावला. फोन त्याच्या लॉकरमध्ये असणार, हे माहीत होतं. निरोप ठेवायचा आवाज वाजला.

"नील, बाबा बोलतोय. किक चुकली, मला कळलं. चुकू दे. गेल्या वर्षी मी जे बोललो ते मूर्खपणाचं होतं. तू रडत होतास आणि मी तुला जवळ घ्यायला हवं होतं, ते मला जमलं नाही. तुझं काही चुकलं नाही, माझं चुकलं. माझ्याशी बोलू नकोस, चालेल मला. पण घरी ये. सिएटलला जायच्या आधी ये. एवढंच."

फोन ठेवला तेव्हा माझा शर्ट घामाने भिजला होता. रत्नाजवळ असायला हवं म्हणून मी तडक आत गेलो.

आत कोणी रडत नव्हतं. काका उभे होते, रत्नाने पदर तोंडावर धरला होता, आणि टीव्हीवर दोन्ही टीम मैदानात नुसत्याच उभ्या होत्या.

"बाबा, तू आत का आलास?" उर्वी ओरडली.

"चुकली ना?"

"इट डिडन्ट काउंट! त्यांच्या कोचने बॉल सुटायच्या आधीच टाइमआउट घेतला. किकरला घाबरवायला करतात तसं. शिट्टी वाजेपर्यंत दादाने मारलीच होती, पण ती किक धरतच नाहीत. आता परत मारणार."

देवांगची मंडळी ओरडली होती ती न धरलेल्या किकवर, आणि टाइमआउट कळून ती गप्प झाली तेव्हा मी काचा बंद करून माझ्या मुलाला हरलेला ठरवत होतो.

"उल्हास, बाहेर," काका म्हणाले. "आत्ता. लगेच."

"राहू द्या त्यांना," रत्ना म्हणाली. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, फक्त माझी बाही घट्ट धरली.

त्या दिवशी पहिल्यांदाच मला नील दिसला. हेल्मेटमधून चेहरा कळत नव्हता. तो मागे गेला, दोन पावलं बाजूला सरला, मान खाली घातली. चेंडू मागे आला, जमिनीवर टेकला, नीलचा पाय वर गेला. चेंडू उजवीकडे चालला होता. मला तो बाहेरच जाताना दिसत होता. मग तो जरासा आत वळला, आणि खांबांखाली उभ्या दोघा पंचांनी हात वर केले.

चोवीस-तेवीस. अकरा वर्षांनी. टीव्हीवर पोरं नीलच्या अंगावर ढिगाने पडली, काका लहान मुलासारखे रडले, उर्वी सोफ्यावर उड्या मारत होती. रत्नाने मला मिठी मारली आणि तिला जाणवलं, की मी काठीसारखा ताठ उभा आहे.

"काय झालं?"

मी सांगितलं. तिचा हात माझ्या खांद्यावरून हळूच खाली आला.

"म्हणजे तो जिंकायच्या आधीच तुम्ही त्याला हरवलंत?"

"मला वाटलं..."

"आता लॉकरमध्ये जाऊन पहिलं हे ऐकेल तो. आजच्या दिवशी." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

निरोप पुसता येतो का ते बघितलं. येत नव्हता. मी दुसरा फोन लावून सारवासारव करायला निघालो, तर रत्नाने फोनच काढून घेतला. "पुरे. आणखी काही बोलू नका." मग दोन तास लोकांचे अभिनंदनाचे फोन येत राहिले. देवांगही येऊन हात मिळवून गेला, भला माणूस. मी सगळ्यांना थँक यू म्हणत होतो. चांगलं करायला गेलो आणि होतं नव्हतं तेही घालवून बसलो, एवढंच डोक्यात फिरत होतं.

साडेचारला फोन वाजला. माझाच. रत्नाने स्क्रीन बघून तो मुकाट्याने माझ्या हातात दिला.

"बाबा." पलीकडे गोंगाट चालला होता.

"हं."

"तुझा व्हॉइसमेल. टू-सेव्हन्टीनचा आहे."

"हो."

"किकच्या आधीचा."

"हो." खोटं बोलून उपयोग नव्हता. "मला वाटलं, चुकली."

दार लागल्याचा आवाज आला आणि मागचा गोंगाट बंद झाला. तो कुठेतरी एकटा जाऊन उभा राहिला असावा.

"बाबा, माझ्या फोनवर दोनशे मेसेजेस आहेत. कोच, काका, शाळेतले टीचर्स, एव्हरीबडी. सगळे म्हणतात, सो प्राउड ऑफ यू." त्याचा आवाज चिरकला. "सगळे नंतरचे आहेत. मी हरलोय असं वाटून कॉल केलेला तू एकटाच."

"शुक्रवारी येतो मी," नील म्हणाला. "बाबा? यू देअर?"

मी मान हलवत होतो. ती त्याला दिसत नाही हे कळायला मला बराच वेळ लागला.