पाऊस बांधणारा

“ढग आला की तुम्ही छप्पर ओढता, भाऊजी. मग तो आमच्याकडे कशाला थांबेल?”

स्तांका कुंपणापलीकडून बोलत होती आणि हसत नव्हती. एरवी तिचं निम्मं बोलणं थट्टेचं असायचं. ग्लिगोरकाका तिच्या नवऱ्याचे थोरले भाऊ. नवरा स्पेनमध्ये मजुरीला, त्यामुळे कुंपणापलीकडचं शेत ती एकटीच बघायची. तिचा मका गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडला होता.

काका रुळांना वंगण लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“स्तांका, ढगाला वरून माझं छप्पर दिसतं होय? तुझ्या अंगणाएवढी जागा ती.”

“मोरीएवढी का असेना. लोक काय बोलतात ते कानावर येतंय ना?”

मी गाडीत बसून ऐकत होतो. मी मका संशोधन केंद्राचा ड्रायव्हर. बाईंना क्रायोवा शहरातून आणायचं आणि पानांचे नमुने बर्फाच्या डब्यातून परत न्यायचे, एवढं माझं काम. काकांचं काम याहून विचित्र होतं. साऱ्या जगाचे शेतकरी पावसाच्या नावानं आभाळाकडे डोळे लावून बसतात. काकांना पगार मिळायचा तो मक्यावर थेंबही पडू देऊ नये म्हणून. वाफ्याच्या दोन्ही बाजूंना रूळ होते आणि रुळांवर चाकं लावलेलं प्लास्टिकचं लांबलचक छप्पर. आभाळ भरून आलं की ते मक्यावर ओढायचं, निवळलं की मागे सारायचं. बाईंना मक्याची तहान मोजायची होती, आणि तहानेत पावसाची भेसळ चालत नाही.

बाई म्हणजे डॉक्टर स्मारांदा. एकदा गाडीच्या बॉनेटवर बसून कलिंगड खाता खाता त्यांनी आम्हाला सगळं समजावलं होतं.

“काका, मक्याच्या आत जनुकांची घराणी असतात. एकेका घराण्यात डझनावारी भावंडं. तोंडवळा सारखा, स्वभाव वेगळा. एक म्हणतं, वाढ. दुसरं म्हणतं, थांब, पाणी संपत आलंय, पानं मिटून घे.”

“मग आमच्याच घरातलं झालं की हे,” काका म्हणाले. “धाकटा स्पेनला गेला, मी इथं पानं मिटून बसलो.”

“तुमच्यासारख्याच भावाला शोधतेय मी. तो वेळेत जागा झाला तर रोप बुटकं राहतं, पण जगतं. आणि तो जागा होतो की नाही, हे तहानेशिवाय कळत नाही.”

तेव्हापासून काकांनी ओळींना नावं दिली. नेहमीच्या वाणाच्या ओळी उतावळ्या आणि बाईंच्या निवडीच्या ओळी घाबरट. उतावळ्या ओळी ताठ मानेनं वाढल्या आणि तुरा यायच्या आधीच माना टाकू लागल्या. घाबरट ओळी कमरेएवढ्याच राहिल्या. सकाळपासून पानं गुंडाळून घ्यायच्या, पण आत हिरव्या होत्या. कणसाला केस येईपर्यंत त्यांना पाणी लागू द्यायचं नव्हतं. लागलं असतं तर तीन वर्षांचं काम अक्षरशः पाण्यात गेलं असतं, आणि पुन्हा करायला बाईंकडे ना बियाणं उरलं होतं ना मुदत.

पण त्या वर्षी आमच्या रेताड गावाची दशाच फिरली होती. एप्रिलातल्या सेंट जॉर्जच्या सणानंतर पाऊस नाही. संत इलिए गडगडाटाचा धनी, जुलैतल्या त्याच्या सणालाही आभाळ गप्प राहिलं. करकोचे वेळेआधीच उडून गेले. पोरींना अंगभर पाला बांधून पाऊस मागायला घरोघर पाठवलं, पण त्यांच्या अंगावर बादलीभर पाणी ओतायची रीत असूनही लोकांनी ते पेल्यानं शिंपडलं. विहिरीची साखळी पुरेना म्हणून तिला दोर जोडावा लागला. गावातली कुत्री दिवसभर विहिरीच्या कट्ट्याला नाक लावून पडलेली असत. मला ते बघवत नसे.

आणि मग एका सकाळी काकांच्या फाटकावर कच्ची वीट ठेवलेली दिसली.

आमच्याकडे याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. विटा थापणाऱ्याला कोरडं ऊन हवं असतं, म्हणून तो पाऊस बांधून ठेवतो, असं जुनी माणसं मानत. अशा माणसाला धरून सगळ्यांसमोर भिजवलं की पाऊस सुटतो म्हणे. वीट थापणारे गावातून कधीच गेले. त्यांची जागा आता काकांना मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी आणखी एक वीट आली. दुकानात काका शिरले की बोलणं थांबायचं. पाव मिळायचा, पण दुकानदार हातात न देता फळीवर ठेवायचा.

“काका, थोडे दिवस घरी बसा,” मी म्हणालो.

“मग छप्पर कोण ओढेल? तू?”

“वीज आहे की. बटण दाबलं की झालं.”

“वीज ढग बघून पळते रे बाबा.” त्यांनी दोन्ही विटा उचलल्या आणि छप्पर घरंगळू नये म्हणून चाकांखाली सरकवल्या. “बघ, कामाला आल्या.”

मला हसू आलं नाही. मला भीती वाटत होती, आणि त्यांनाही वाटत असणार, कारण रोज दुपारी डुलकी काढणारा माणूस आता रस्त्याकडे तोंड करून बसू लागला होता.

ढग आला तो भर दुपारी, डॅन्यूब नदीच्या अंगानं. खालून जांभळा आणि कडेनं पिवळट. चर्चची घंटा वाजू लागली. लोक घराघरातून बाहेर आले आणि उघड्या डोक्यानं रस्त्यावर उभे राहिले. हळूहळू एकेक चेहरा ढगावरून वळून आमच्या वाफ्याकडे बघू लागला.

बाई पानं कापत होत्या. त्यांनी कात्री खाली ठेवली. “काका, राहू दे. भिजू दे मका.”

“काय बोलताय बाई?”

“हे लोक तुम्हाला जगू देणार नाहीत. तुम्हाला इथंच राहायचंय. माझं काय, मी दुसरं काहीतरी करेन.”

काकांनी घाबरट ओळींकडे बघितलं. त्या दिवशीच पहिल्या कणसाला रेशमासारखे केस फुटले होते. आणखी दोन-चार दिवसांत सगळ्या ओळींना आले असते.

“तीन वर्षं या पोरांना तहान पाजली मी,” ते म्हणाले. “आता शेवटच्या घटकेला दया दाखवली तर त्यांनी सोसलं ते कशासाठी?”

बटण दाबलं, तर वीज खरंच गेलेली. त्यांनी विटा लाथेनं दूर केल्या आणि छपराला खांदा लावला. मी दुसऱ्या बाजूनं लावला. चाकं करकरत निघाली. सारं गाव बघत होतं, आणि ते करकरणं घंटेपेक्षा मोठं वाटत होतं.

छप्पर जागेवर बसलं आणि थेंब आले. टपोरे, विरळ. प्लास्टिकवर ताडताड वाजले. स्तांका घरातून पातेली घेऊन धावत आली, ती अंगणात मांडेपर्यंत सगळं संपलं होतं. ढग आमच्या डोक्यावरून पुढे सरकला आणि ऊन पुन्हा तसंच पडलं. धूळसुद्धा नीट बसली नाही.

मग लोक निघाले. प्रत्येकाच्या हातात बादली. पुढे स्तांका.

“पोलिसांना फोन लावते मी,” बाई म्हणाल्या.

“नको. आपलीच माणसं आहेत,” काका म्हणाले.

ते वाफ्यातून बाहेर आले. स्तांकानं बादली उचलली, तसा त्यांनी हात वर केला.

“इथं नको. मुळं इथवर पोचतात.”

ते चालू लागले. प्रयोगाची हद्द दाखवणाऱ्या लाल फितीच्या खुंट्या ओलांडल्या, चर ओलांडला, पार रस्त्यावर जाऊन उभे राहिले. लोक त्यांच्यामागून गेले. टोपी काढून त्यांनी माझ्या हातात दिली.

“हां. आता ओता.”

बादलीतलं पाणी गढूळ होतं, विहिरीच्या तळाचं. स्तांकानं ते त्यांच्या डोक्यावर ओतलं. मग बाकीच्यांनी. काका डोळे मिटून, हात खाली सोडून उभे होते. पायाशी पडलेलं पाणी वाळूनं तिथल्या तिथे पिऊन टाकलं.

“प्यायला ठेवलंस का गं काही?” त्यांनी विचारलं.

स्तांका रिकामी बादली छातीशी धरून घराकडे गेली. तिच्यामागून एकेक जण पांगला. जाताना दोघातिघांनी आभाळाकडे बघितलं. तिथे काही नव्हतं.

काका परत आले आणि चराशी थांबले. त्यांच्या सदऱ्याचं पाणी टपकत होतं.

“आभाळ निवळलंय,” ते मला म्हणाले. “छप्पर तेवढं मागे घे. मला आत येता येणार नाही.”

मी एकट्यानं छप्पर मागे सारलं. कपडे अंगावर वाळेपर्यंत ते खुंट्यांच्या बाहेर उन्हात उभे राहिले.