कापलेला फोन

हरीओमने पुण्याहून टीव्ही पाठवला तो लेकीच्या बारशाच्या निमित्ताने. रिठदच्या त्या घरातली समोरची खोली टीव्हीने अर्धी भरून गेली. पाहायला आलेल्या बायका बाळ बघायच्या आधी टीव्हीच बघत. पण टीव्हीचा खरा धनी झाला तो हरीओमचा बाप, इंद्रभान. त्याला शंकरपटाचं, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचं वेड. स्वतःची जोडी होती, पाखऱ्या आणि हिऱ्या, आणि चार तालुक्यांत कुठेही पट असला की इंद्रभान जोडी घेऊन हजर. पट नसेल त्या दिवशी टीव्हीवर पटाचे व्हिडिओ. लोकांचा आरडाओरडा, माईकवाल्याची बोंब, सगळं घर त्यात बुडून जायचं. इंद्रभानला थोडं कमी ऐकू यायचं, त्यामुळे आवाज पार वर.

बाळ दचकून उठू लागलं तेव्हा सून राखीने नवऱ्याला फोन केला आणि हरीओमने बिनवायरचा हेडफोन पाठवला. राखीने तो टीव्हीला जोडून दिला. खोलीत एकदम शांतता झाली. इंद्रभान मान डोलावत, मांडीवर थाप मारत एकटाच बघत बसायचा, आणि त्याची बायको रुख्मिणी मनात म्हणायची, चला, इतक्या वर्षांनी घरात शब्द ऐकू यायला लागला.

कार्तिकातली गोष्ट. राखी बाळाला घेऊन माहेरी गेली होती. रुख्मिणी त्या संध्याकाळी समोरच्याच खोलीत मेथी निवडत बसली होती. इंद्रभान कानाला हेडफोन लावून आपल्या नादात. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता जऊळक्याहून एक माणूस मोटारसायकलवर आला आणि अंगणातूनच म्हणाला, "रुख्मिणीबाई, चाला. भागिरथाबाई गेल्या."

भागिरथा तिची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा रुख्मिणीच्या वेण्या घालण्यापासून तिचं लग्न लावून देण्यापर्यंत सगळं भागिरथाने केलं. रुख्मिणी पोहोचली तेव्हा तिरडी बांधून तयार होती. भागिरथाचा मुलगा गणेश तिच्या गळ्यात पडून रडला.

"मावशी, कालपासून तुहं नाव घेऊन राह्यली होती वं ती. रुख्मी आली का, रुख्मी आली का. तुह्या फोनवर लागेच ना, म्हणून मावसाजीले लावला. परत परत लावला. कोणी उचललाच नाही."

रुख्मिणीच्या छोट्या फोनचं रिचार्ज संपलं होतं. चार दिवसांपासून ती नवऱ्याला सांगत होती, आणि तो उद्या करतो म्हणत होता.

इंद्रभान दुपारून आला. सगळ्यांसमोर त्याने कपाळावर हात मारून घेतला. "कानात ते होतं ना, हेडफोन. फोन वाजलेला मले समजलाच नाही. पोरानं पाठवलं अन घात झाला." त्याच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. बायांनी त्यालाच धीर दिला. गणेश म्हणाला, "मावसाजी, माहीच चूक झाली, मीच गाडी घेऊन यायले पायजे होतं." रुख्मिणीनेही त्याला पाणी नेऊन दिलं. हे तिला पुढे फार दिवस टोचत राहिलं, ते पाणी नेऊन दिलेलं.

तेरवी झाली. ती रिठदला परतली. राखीही माहेराहून आली. एक दिवस इंद्रभानने टीव्हीचं कायतरी बटण दाबलं आणि हेडफोनचा आवाज गेला. "हे जोडून दे वं राखी, मी तवरक वावरातून येतो," म्हणून तो निघून गेला. त्याचा फोन चार्जिंगला लावलेला, तो तसाच राहिला.

राखी टीव्हीसमोर बसली. रुख्मिणी बाळाला मांडीवर घेऊन शेजारी. राखी हेडफोनचं बटण दाबून धरून म्हणाली, "हे पाहा आई, निळा दिवा लुकलुक करते का? म्हणजे आता तो जोडी शोधून राह्यला." टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन तिने ब्लूटूथ उघडलं, यादीत हेडफोनचं नाव आलं, त्यावर दाबलं. "झालं. लावून पाहा बरं कानाले."

रुख्मिणीने जन्मात पहिल्यांदा ते कानाला लावलं. माईकवाला थेट डोक्यात शिरून ओरडू लागला. ती हसली. आणि तेवढ्यात माईकवाला बंद पडला. टीव्हीवर बैल पळत होते, पण कानात भलतीच घंटी वाजू लागली, अगदी कानाच्या पडद्यावर.

"अवं राखी, हे काय वाजून राह्यलं?"

राखीने चार्जिंगकडे पाहिलं. "बाबांच्या फोनवर फोन आला. हेडफोन त्यायच्या फोनलेबी जोडेल हाय ना. वावरात भजनं ऐकतात ते. हा एका टायमाले दोघायले धरते. फोन आला की टीव्हीचा आवाज आपोआप बंद, अन घंटी फक्त कानात, बाहेर नाही. उचलाचं नसलं तर हे बटण दाबून धराचं, फोन कापल्या जाते." राखीने सासूच्या कानाजवळ हात नेऊन बटण दाबून धरलं. घंटी थांबली. माईकवाला पुन्हा ओरडू लागला.

रुख्मिणीने हेडफोन काढला आणि मांडीवर ठेवला. तिच्या डोळ्यांसमोर ती संध्याकाळ आली. मेथी, परात, समोर खाटेवर नवरा. मधेच त्याचा हात कानाकडे गेला होता. थोड्या वेळाने पुन्हा गेला. पुन्हा गेला. तिला वाटलं होतं, आवाज कमीजास्त करत असेल. एकदा तर त्याने तिच्याकडे पाहिलंही होतं, आणि ती म्हणाली होती, "चहा ठेवू का?" तो म्हणाला होता, "ठेव."

"आई, काय झालं?" राखीने विचारलं.

"काही नाही. मले हे शिकवून दे. पयल्यापासून."

त्याने असं का केलं, हे कोणी तिला सांगायची गरज नव्हती. हरीओमच्या लग्नात जेवणाच्या पंगतीला उशीर झाला म्हणून इंद्रभानने भर मांडवात तिच्या थोबाडीत मारली होती. भागिरथा वाढायचं सोडून आली आणि त्याचा हात मनगटापाशी धरून म्हणाली, "आजपासून हा हात माह्या बहिणीवर उठला तर तुमाले जेवण दुसऱ्याच्या हातानं करा लागन." व्याही, पाव्हणे, सगळे बघत होते. त्यानंतर त्याने हात उचलला नाही. पण भागिरथाचं नावही घेतलं नाही, आणि कोणी घेतलं तर उठून जायचा.

रुख्मिणी काही बोलली नाही. स्वयंपाक केला, ताट वाढलं, अंथरूण घातलं. बोलली असती तर तो म्हणाला असता, तुले काय समजते त्यातलं. आणि चार लोकांनी त्याचंच खरं मानलं असतं. तिला वाद नको होता. त्याच्या हातातून काहीतरी सुटायला हवं होतं, असं की ते पुन्हा कधी मिळू नये. भाकरी थापताना, धुणं धुताना ती तोच एक विचार करत होती, आणि एका सकाळी गोठ्यात शेण काढताना पाखऱ्याने तिच्या खांद्यावर तोंड ठेवलं तेव्हा तो विचार थांबला.

पाखऱ्या भागिरथाच्या गाईचा. रुख्मिणीचं मोठं ऑपरेशन झालं होतं तेव्हा बहिणीने दुधासाठी म्हणून गाय पाठवली होती, आणि ती गाय रिठदलाच व्याली. गोऱ्हा रुख्मिणीने हाताने वाढवला. पुढे तो पळायला लागला, नाव काढायला लागला, तेव्हा इंद्रभानचा झाला. टीव्हीवर तो सगळ्यांत जास्त वेळा कोणता व्हिडिओ बघायचा, तर मागच्या साली पाखऱ्या-हिऱ्याने मारलेल्या पटाचा.

संक्रांत झाली. पट आठवड्यावर आला. तिने राखीच्या फोनवरून गणेशला लावला.

"गणेश, पिकअप घेऊन ये. पाखऱ्याले जऊळक्याले न्याचं हाय."

"काहून मावशी? मावसाजी काय म्हनतीन?"

"तुह्या मायचा फोन त्यायनं कापला होता. एकदा नाही. ऐकू येऊन कापला."

 मग गणेश म्हणाला, "कधी येऊ?"

ठरलेल्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर इंद्रभान खाटेवर टेकला. हेडफोन शोधू लागला.

"थांबा, मी लावून देतो," रुख्मिणी म्हणाली.

"तुले येते?" तो हसला.

"राखीनं शिकवलं."

त्याचा फोन तिने आधीच आतल्या खोलीत नेऊन ठेवला होता आणि त्याचं ब्लूटूथ बंद केलं होतं. आता हेडफोन फक्त टीव्हीचा होता. तिने बटण धरलं, दिवा लुकलुकला, टीव्हीवर नाव आलं, तिने दाबलं. मग पाखऱ्याच्या पटाचा तोच व्हिडिओ लावून दिला आणि आवाज चांगला वाढवला. हेडफोन स्वतःच्या हाताने नवऱ्याच्या कानावर बसवला. दोन्ही कान नीट झाकले की नाही ते पाहिलं.

"वा! शिकली म्हना की," तो मोठ्याने म्हणाला. कानात हेडफोन असला की तो ओरडूनच बोलायचा.

मागच्या फाटकाशी पिकअप उभीच होती. राखी बाळाला कडेवर घेऊन गोठ्यापाशी आली आणि तिने फाटक उघडून धरलं. पाखऱ्या परक्याला शिवू द्यायचा नाही, म्हणून रुख्मिणीनेच कासरा सोडला. गाडीच्या फळीवर पाय ठेवताना तो बिथरला, खूर आपटले, हिऱ्या मागून हंबरला. सगळी गल्ली ऐकत होती. तिने दारातून समोरच्या खोलीत डोकावून पाहिलं. टीव्हीवर पाखऱ्या शेपटी उडवून पळत होता आणि तिचा नवरा मांडीवर थाप मारत होता.

ती गाडीत गणेशच्या शेजारी बसली.

इंद्रभानची जोडी पटात हाकणारा धुरकरी उदयसिंग वाटेवरच्या मालेगावात बाजाराला आला होता. पिकअपमध्ये त्याला पाखऱ्या दिसला. त्याने लगेच इंद्रभानला फोन लावला. मग पुन्हा लावला. आतल्या खोलीत फोन वाजून वाजून थकला. इंद्रभान उठला तो चहाच्या वेळी, आणि चहा का आला नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो उदयसिंगला घेऊन, भाड्याची गाडी करून जऊळक्याला आला. भागिरथा गेली त्या दिवसानंतर पहिल्यांदा त्या अंगणात पाय ठेवला. शेजारपाजारचे जमले.

"बैल सोड," तो म्हणाला.

"माह्या बहिणीच्या गाईचा हाय. तिच्या दारी आला," रुख्मिणी ओसरीवरून म्हणाली. ती उठली नाही.

"खाऊ कोणी घातलं त्याले? पटात पयवला कोणी? चोरून आणला तू!"

"चोरून नाही. भर दुपारी आणला, तुमच्या दारातून. तो हंबरला, गाडी चालू झाली. तुमाले ऐकू नाही आलं?"

"कानात ते होतं ना!"

"काल होतं. काल तुमाले खरंच ऐकू नाही आलं, कारण फोन मी त्याच्यातून तोडला होता. माही बहीण गेली त्या दिवशी तोडलेला नव्हता. त्या दिवशी घंटी तुमच्या कानात वाजली. गणेशनं जितक्या वेळा लावला तितक्या वेळा तुमी बोटानं कापला. मी समोर बसलेली होती. तुमचा हात मी पाह्यला अन चहा विचारला तुमाले."

 उदयसिंगने हळूच डोक्यावरचा रुमाल काढला. गणेश म्हणाला, "मावसाजी, माय दाराकडे तोंड करून पडली होती."

इंद्रभानने इकडे तिकडे पाहिलं. कोणीतरी आपल्या बाजूने बोलेल असं त्याला वाटलं असावं. मग त्याचा आवाज फाटला. "हो, कापला! भर मांडवात हात धरला तिनं माहा. व्याह्यासमोर. तवापासून मले झोप नाही. म्हटलं, मारू दे आज तिले हाका. ती मरन हे मले काय ठाऊक?"

"ठाऊक असतं तर उचलला असता?"

त्याने तोंड उघडलं. हो म्हणायला एक क्षण पुरे होता, पण तो क्षण गेला, आणि गेला हे सगळ्यांनी पाहिलं.

"पट चार दिवसावर हाय रुख्मे," तो शेवटी हळू म्हणाला. "हिऱ्या एकटा काय करन? जोडी फुटली माही."

"फुटू द्या."

तो रिकामी गाडी घेऊन गेला. जाताना उदयसिंग त्याच्या शेजारी न बसता मागे फळीला धरून उभा राहिला. गाडी वळणाआड गेल्यावर रुख्मिणीला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. भूक लागली होती, कडकडून. गणेशच्या बायकोला तिने भाकरी टाकायला सांगितली आणि ठेच्याबरोबर दीड भाकरी खाल्ली.

नातीची आठवण येऊ लागली तेव्हा, होळीनंतर, ती रिठदला परत आली. पाखऱ्या जऊळक्यालाच राहिला. इंद्रभान त्या साली पटाला गेला नाही, पुढे हिऱ्या विकला. त्याच्याशी ती भाजी काय करू इतपत बोलायची. वैशाखात, वखरणीच्या दिवसांत, त्याने एकदा ताटावर बसल्या बसल्या खाली मान घालून विचारलं, "पाखऱ्या कसा हाय? गणेश पटात घालते का त्याले?"

गणेश त्या बैलाला देवासारखा ठेवत होता. दोन वेळ सरकी, अंगाला तेलपाणी, शेतीच्या कामाला जुंपत नव्हता.

"नाही," रुख्मिणी म्हणाली. "वखराले जुंपला त्याले. रोज, दुसऱ्यायच्या वावरात."

त्याचा घास हातातच राहिला. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मग विचारलं, "वरण वाढू?"