बोटाखालचा शब्द

शिर्डीच्या फुलांच्या दुकानात हार ओवता ओवता भारतीच्या डाव्या डोळ्यापुढं काळे ठिपके तरंगू लागले. सत्त्याण्णवची दिवाळी नुकतीच उलटली होती. आधी तिला झेंडूवरची चिलटं वाटली. हातानं हाकलली तरी ती नजरेबरोबरच फिरायची. डोळा दुखत नव्हता, लालही नव्हता, म्हणून तिनं पंधरवडा अंगावर काढला. मग एका सकाळी उजवा डोळा पदरानं पुसताना समोर जेवत बसलेल्या सहा वर्षांच्या निकिताचं नाकाखालचं तोंडच नाहीसं झालं.

संगमनेरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून बराच वेळ डोळ्यात उजेड टाकला. मग डोळ्याचं सोडून नवऱ्याचं विचारलं. सहादेव हॉटेलात आचारी होता, गेल्या साली टीबीनं गेला, एवढंच तिला माहीत होतं. डॉक्टरांनी तिचं रक्त तपासायला पाठवलं.

आठ दिवसांनी त्यांनी दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. रक्तात एचआयव्ही आहे. त्यानं अंगातली ताकद खाल्ली, म्हणून दुसराच एक विषाणू डोळ्याच्या पडद्यात शिरलाय. गेलेली नजर येणार नाही. उरलेली राखायची तर मुंबईला लगेच जावं लागेल. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली.

"आधी पोरीचं रक्त बघा," भारती म्हणाली. "त्याशिवाय मी कुठं जायची न्हाई."

घरी आल्यावर तिनं दीर रंगनाथला गाठलं. सहादेवचे दवाखान्याचे कागद त्याच्याकडंच होते.

"भाऊजी, टीबीशिवाय काय लिव्हलं हुतं त्यात?"

रंगनाथ खाली बघत राहिला. "दादानंच शपथ घातली हुती, वहिनी. तुमाला कळू द्यायचं न्हाई म्हनून."

त्या दिवसापासून तिनं त्याला चहा दिला, जेवण दिलं, पण त्याच्याकडं पाहिलं नाही.

निकिताचा रिपोर्ट आला तेव्हा तो तिनं डॉक्टरांच्या हातून ओढूनच घेतला. डाव्या डोळ्यापुढं आता नुसता अंधार होता. उजव्यानं तिनं कागद वरून खाली दोनदा धुंडाळला.

"कुठं लिव्हलंय?"

डॉक्टरांनी तिचं बोट धरून कागदाच्या मधोमध टेकवलं. तिला बोट दिसलं, नख दिसलं. त्याखाली करडं धुकं होतं.

"निगेटिव्ह आहे. पोरगी चांगली आहे," डॉक्टर म्हणाले, आणि तिचा उजवा डोळा तपासायला बॅटरी आणायला उठले.